बाल्कनीतली दुसरी खुर्ची

दाजी, परवा तुमच्या घरी सांत्वनाला आलेल्या एका गृहस्थांना मी दार दाखवलं. मी! 'मंदारला पाणी हवं असलं तरी तो शेजारच्या टेबलावरचं कुणी मागेपर्यंत थांबतो,' असं तुम्ही ज्याच्याबद्दल सगळ्यांना सांगायचात, तो मी.

गृहस्थ सोफ्यावर टेकले, चहाचा एक घोट घेतला, तुमच्या फोटोकडे बघून च्‌च्‌ केलं आणि म्हणाले, "बिचारा. एवढं शरीर कमावलं, शेवटी उपयोग काय? आमचं बघा, रोज अर्धा तास प्राणायाम."

मी उठलो. "काका, चला, लिफ्टपर्यंत सोडतो."

"अहो, चहा..."

"चहा राहू दे."

आई आतून धावत आली. "मंदार, अरे मोठे आहेत ते!"

"मग हे काय लहान होते?" मी तुमच्या फोटोकडे बोट केलं.

लिफ्ट यायला वेळ लागला. तेवढ्यात मी त्यांना ऐकवलं, की ज्याला तुम्ही बिचारा म्हणालात तो माणूस अमेरिकेत पोटापाण्यासाठी तिथला हेल्मेट घालून धडकायचा फुटबॉल खेळलाय, बचावातला लाइनबॅकर होता, आणि त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांनी त्याला जी काही विशेषणं लावली असतील, त्यात 'बिचारा' खात्रीनं नव्हतं. गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्या फ्रिजला कंठ फुटलाय.

तुम्ही असता तर खुर्ची मोडेपर्यंत हसला असता. पण दाजी, माझा हा राग अर्धा खोटा होता. दुसऱ्याला दारापर्यंत नेणं सोपं असतं. तुम्ही मला एक निरोप दिला होता, ताईला पोचवायला. तो मी पोचवला नाही. तुम्ही गेलात ते तो पोचला असं समजून. आज संध्याकाळी मी मरीन परेडला तुमच्या घरी जाऊन ताईला हे सांगणार आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायचं होतं.

तुमचं नाव डॅरेल. ताईचा नवरा म्हणून दाजी. पहिल्यांदा मी ते जरा खवचटपणेच म्हणालो होतो. सव्वासहा फुटी काळ्या अमेरिकन माणसाला 'दाजी' म्हणण्यात मला गंमत वाटली होती. तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "दाजीला काम काय असतं?"

"जेवायचं आणि रुसायचं."

"जेवण जमेल. रुसायला तुझ्या बहिणीकडून शिकेन."

ताईनं तुम्हाला पहिल्यांदा हरवलं ते कॉन्डोतल्या बॅडमिंटन कोर्टवर. पाच फुटांची ताई, पुण्यातल्या क्लबात घोटलेले ड्रॉप शॉट, आणि तुम्ही जाळीपर्यंत येऊन येऊन घामाघूम. तुम्ही तेव्हा हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचात. लग्नाच्या वेळी आई मात्र चार दिवस जेवली नव्हती. पाचव्या दिवशी तुम्ही तिच्या हातच्या आमटीचं भांडं पालथं केलंत आणि रिकाम्या भांड्याला नमस्कार केलात. आई मला म्हणाली, "माणूस चांगला आहे रे. पण हत्तीला पोसणारेय का ही?" तिथून तुम्ही जावईबापू झालात ते झालातच.

तुमचा खेळ मला कधी नीट कळला नाही. तुम्ही शिकवायचे प्रयत्न केलेत. मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, आपल्या नेहमीच्या टेबलावर, कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप आणि चिली सॉसच्या बाटल्या मांडून. या बाटल्या म्हणजे समोरचे पाच धटिंगण. त्यांच्या मागे चेंडूवाला. आणि हा एकटा कप, बचावाच्या मधोमध, तो मी.

"कबड्डीतला मध्यरक्षक," मी म्हणालो.

"त्याला हेल्मेट असतं?"

"नाही."

"मग तो शहाणा. हेल्मेट घातलं की माणूस आधी डोकं पुढे करतो."

तेव्हा आपण दोघंही हसलो होतो.

तुमचं म्हणणं, लाइनबॅकरला लोक ताकदीचा गडी समजतात, पण त्याचं खरं काम दोनच. पहिलं, समोरच्याला वाचणं. धटिंगण खाली वाकून जमिनीवर हात टेकतो, तेव्हा त्याची बोटं बघायची. बोटांची पेरं पांढरी पडली असतील तर वजन पुढे आहे, तो अंगावर येणार. बोटं नुसती टेकलेली असतील तर तो मागे सरकणार, चेंडू हवेत जाणार. चेंडूकडे बघायचंच नाही. चेंडू खोटं बोलतो, वजन बोलत नाही.

ही सवय तुमची सुटली नाही. एमआरटीच्या मेट्रोत तुम्ही लोकांचे पाय बघत उभे राहायचात आणि पुढच्या स्टेशनला कोण उठणार ते ओळखून आईला बरोबर त्याच्यासमोर नेऊन उभं करायचात. आईला कधी उभ्यानं प्रवास करावा लागला नाही. ती मैत्रिणींना फोनवर सांगायची, "आमच्या जावयांना सिद्धी आहे."

मला एकदा म्हणालात, "तुझं वजन कायम टाचांवर असतं, मंदार. कधीही मागे सरकायच्या तयारीत."

मी म्हणालो, "आमच्यात त्याला सभ्यपणा म्हणतात."

"आमच्यात त्याला बाकावर बसवतात."

आणि दुसरं काम ओरडणं. काय दिसलं ते बाकीच्या दहा जणांना सांगणं. बाहेरून इशारा येतो तो लाइनबॅकर घेतो आणि सगळ्यांना पोचवतो. तो गप्प राहिला तर दहा जण आंधळे. "चुकीचं ओरडलास तर चालतं," तुम्ही टेबलावर मूठ आपटून म्हणायचात, सगळ्या बाटल्या उडायच्या, "गप्प बसलास तर माफी नाही." बटाट्याएवढ्या सुजलेल्या सांध्यांची ती मूठ. तुमची एक करंगळी आयुष्यभर दुसऱ्याच दिशेला बघत राहिली.

लोकांना वाटतं, तुम्ही त्या काळाबद्दल हळवे होतात. कधीच नव्हतात. तुमच्या गावातली गिरणी बंद पडलेली, आई शाळेची बस चालवायची. व्यावसायिक संघांच्या निवडीच्या दिवशी तुमचं नाव कुणीच पुकारलं नाही. मग चाचणीला स्वतःहून जाऊन उभे राहिलात. पहिला काळ ज्या कामावर काढलात, त्याचं वर्णन तुम्ही असं करायचात: "दुसरा माणूस चेंडू लाथाडणार, आणि मी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाऊन भिंतीला धडकणार. फक्त भिंतही माझ्याकडे धावत येतेय." त्या धडकांवर तुम्ही मधली जागा मिळवलीत. पुढे कर्णधारही झालात.

आईला तुम्ही एकदा तुमचा व्हिडिओ दाखवलात. प्रतिस्पर्धी गुण मिळवायच्या रेषेपासून वीतभर लांब, शेवटचा डाव, आणि सगळ्यांचा एक ढीग.

आईनं चष्मा पुसला. "यात तुम्ही कुठे आहात, जावईबापू?"

"खाली. सगळ्यांच्या खाली."

"मग तुम्हाला कुणी पाहिलं?"

"ज्याला अडवलं, त्यानं."

आईला हे इतकं आवडलं की ती ते वाक्य कुकरच्या शिट्टीबद्दलसुद्धा वापरायला लागली.

आणि संपलं कसं, तेही तुम्ही विनोदासारखं सांगायचात. गुडघा दोनदा शिवलेला. एका सकाळी टीमचा पोरगा दारात आला, "कोच बोलावतोय. डावांची वही घेऊन ये." वही घेऊन ये म्हणजे परत करायला ये. तुम्ही वही दिलीत, गाडीत बसून रडलात, मग हॉटेलात जाऊन पॅनकेक खाल्लेत. "रडून भूक लागते," इतकंच तुमचं भाष्य.

मागच्या वर्षी, गणपतीच्या थोडं आधी, त्याच टेबलावर तुम्ही बाटल्या मांडल्या नाहीत. कोपी तशीच गार होत राहिली. मग सांगितलंत. महिनाभर एकटेच तपासण्या करून घेत होतात. विसरायला होतं, रस्ते गुंततात, विनाकारण भडका उडतो. इराला शाळेतून आणायला निघालात आणि कुठल्या स्टेशनला उतरायचं तेच आठवेना. इरा तुमची लेक, रोजचा रस्ता. डॉक्टर म्हणाले, डोक्याला बसलेल्या मारांचा हिशेब आता शरीर मागतंय. सुरुवात आहे. हळूहळू वाढेल.

मी म्हणालो, "त्या खेळानं तुमचा घात केला."

तुम्ही एकदम पुढे झुकलात. "नाही. हे तू पुन्हा म्हणू नकोस. आदळायचं असतं हे मला माहीत होतं. डोकं माझं होतं, मी दिलं. माझा राग कुणावर आहे सांगू? ज्या संघवाल्यांना, धडकांनी डोक्याचं आत काय होतं ते कळत होतं आणि तरी जे गप्प बसले, त्यांच्यावर. मी कदाचित तरीही खेळलो असतो. पण मला विचारायला हवं होतं."

मी वाद घालत राहिलो. पुढेही प्रत्येक भेटीत घातला. खेळ वेगळा आणि गप्प बसणारे वेगळे, असं करता येतं का? तुम्ही म्हणायचात, येतं. मी म्हणायचो, नाही. तो वाद अर्धाच राहिला. वाद घालताना मी स्वतः त्या गप्प बसणाऱ्यांच्याच रांगेत उभा होतो, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

कारण आजाराचं सांगितलंत त्याच दुपारी तुम्ही म्हणालात, "तुझ्या बहिणीला तू सांग."

"मी? तुम्ही का नाही?"

"मी सांगितलं तर ती माझ्याकडे बघेल, आणि मला तिचा चेहरा वाचावा लागेल. जगात तेवढा एक चेहरा मला वाचायचा नाहीये. तू तुमच्या भाषेत सांग. इंग्रजीत हे फार सरकारी वाटतं. तिला रडायचं ते रडू दे, चिडायचं ते चिडू दे. मग तिला वाटेल तेव्हा ती माझ्याकडे येईल. मी विषय काढणार नाही. मी फक्त बसून राहीन."

मी हो म्हणालो. खरंच सांगणार होतो.

आधी आईला सांगितलं, ती माझी पहिली चूक. आई रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "गणपती उठू देत. सणाच्या घरात नको." बरोबर वाटलं. गणपती उठले, पितृपंधरवडा लागला. "या दिवसांत असलं तोंडातून काढू नये रे." मग नवरात्र बसलं. मग इराची परीक्षा. मग दिवाळी, त्यात ताईला बढती. संक्रांतीला तर गोडच बोलायचं असतं. पाडव्याला वर्षाचा पहिला दिवस. दाजी, आमच्या कालनिर्णयात मुहूर्त सगळ्याचे असतात. वाईट बातमीचा नसतो. घर घ्यायला आहे, मुंजीला आहे, गाडीला आहे. मी रोज टाचांवर उभा राहून पुढचा सण येताना बघत होतो आणि आईच्या आड लपत होतो. आईला दोष देत नाही. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मी पन्नाशीत आलोय, बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत माणसं माझ्या हाताखाली काम करतात. मला तोंड होतं.

आणि यापुढचं कुणालाच माहीत नाही. गणपती उठल्यावर थोड्याच दिवसांत तुम्ही मला लिफ्टच्या दारात विचारलंत, "सांगितलंस?"

मी मान हलवली. तुम्ही आमच्या माना इतकी वर्षं बघत होतात, त्यामुळे 'गैरसमज झाला' ही पळवाट मी घेणार नाही. ती सरळ उभी, स्पष्ट होकाराची मान होती. वर 'हो' पण म्हणालो. मनात होतं, या रविवारी सांगूनच टाकू, मग ते खोटं राहणार नाही.

तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "थँक्यू, ब्रदर. कठीण काम होतं." त्या हाताचं वजन अजून आहे तिथं.

मग तुम्ही बसून राहिलात. दुसऱ्या तपासणीला मी तुमच्याबरोबर आलो तेव्हा विचारलंत, "तिला यायचं नव्हतं?" मी म्हणालो, "ऑफिसमधून निघता आलं नाही." तुम्ही मान डोलावलीत. "तिची अजून तयारी झाली नाहीये. असू दे." तुम्ही तिला माफ करत होतात, आणि माफ करण्यासारखं तिनं काही केलंच नव्हतं.

याच सुमाराला ताई एकदा फोनवर हसत म्हणाली, "मंदार, तुझे दाजी म्हातारे झाले. रोज संध्याकाळी बाल्कनीत दोन खुर्च्या मांडतात आणि समुद्रातल्या बोटी बघत बसतात. टीव्ही नाही, काही नाही. एक अक्षर बोलत नाहीत. मी कॉलवर असते, आत-बाहेर करते, तर नुसते बघतात माझ्याकडे. रुसलेत का रे माझ्यावर?"

दाजी, मला कळलं होतं. दुसरी खुर्ची कुणासाठी आहे ते मला त्या क्षणी कळलं होतं. मी म्हणालो, "असेल वय."

ज्या माणसानं जगातल्या कुणाचंही वजन कुठे आहे ते ओळखलं, त्यानं माझं का नाही ओळखलं? आजारामुळे, असं मी स्वतःला सांगायचो. ते खरं नाही. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात. इशारा ज्याच्यावर सोपवला, त्याच्यावर पुन्हा नजर ठेवायची नसते. हा तुमचाच नियम.

मग पाडव्यानंतरच्या एका सकाळी दाढी करताना तुमचं हृदय थांबलं. विस्मरणानं पुरतं गाठायच्या आत तुम्ही डाव संपवलात, असं लोक म्हणाले असते, त्यांना माहीत असतं तर. त्यांना माहीत नाही. कुणालाच नाही. म्हणूनच कुणी बिचारा म्हणतं, कुणी म्हणतं, हल्ली जरा तुसडे झाले होते. अंत्यविधीच्या हॉलमध्ये इरा माझ्या शेजारी बसली होती. तुम्ही शनिवारी ज्या मुलींना कमरेला फिती लावून तुमच्या खेळाचा बिनधडकेचा प्रकार शिकवायचात, त्या सगळ्या मागच्या रांगेत जर्सी घालून आल्या होत्या. इरा तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "मामा, यू से समथिंग लाह. यू ऑल्वेज सो क्वाएट वन."

मी उठलो नाही.

दुपारी एवढं लिहून निघालो, तर आई चप्पल घालताना म्हणाली, "आज नको. अमावस्या आहे."

"असू दे."

"अरे, निदान वर्षश्राद्ध तरी..."

"आई," मी म्हणालो, "तू येतेयस की घरी थांबतेस?"

ती आली. एमआरटीत तिला जागा मिळाली नाही. पाय बघून ओळखणारं कुणी नव्हतं. ती स्टेशन येईपर्यंत खांब धरून उभी राहिली.

ताई जमिनीवर बसून तुमच्या शर्टांच्या घड्या घालत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. मराठीत, तुम्ही म्हणाला होतात तसं. आजाराचं सांगितलं, मला दिलेल्या निरोपाचं सांगितलं, लिफ्टच्या दारातल्या 'हो'चं सांगितलं. माझा आवाज चढला होता. इरा तिच्या खोलीतून बाहेर आली.

ताई कितीतरी वेळ शर्टाची एकच बाही सरळ करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला वाटत होतं, मला माहीत आहे."

"हो."

"माहीत असून मी त्याच्याशी बोलत नाहीये."

"हो, ताई."

तिनं बाल्कनीकडे पाहिलं. दोन्ही खुर्च्या अजून तशाच होत्या. "मी त्या खुर्चीवर टॉवेल वाळत घालत होते, मंदार," ती म्हणाली. "तो मांडायचा, आणि मी टॉवेल टाकायचे. तो रोज ते उचलून दोरीवर टाकायचा. मी म्हणायचे, राहू दे रे, तिथंच बरे वाळतात."

मी माफी मागणार होतो. तिनं हात वर केला.

"एक शब्द नको. आता शब्द फुटतायत तुला?" घडी घातलेला शर्ट तिनं माझ्या अंगावर फेकला. मग दुसरा. "सण बघत बसलास? माझ्या नवऱ्याला एकटं बसवून तुम्ही दोघं सण बघत बसलात?"

आई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी होती.

मी दाराशी पोचलो तेव्हा ताईनं मागून हाक मारली. तिचे डोळे कोरडे होते. "त्याच्यावर लिहितोयस म्हणे. लिही. आजार लिही, त्याच्या नावासकट लिही. तुझंही नाव घाल. आणि तो खेळला याची त्याला लाज नव्हती, तेही घाल. कुणी माझ्या घरात येऊन त्याला बिचारा म्हणता कामा नये."

लिफ्टपर्यंत सोडायला कुणी आलं नाही. यायला नकोच होतं.

तर दाजी, ओरडलो. डाव संपल्यावर, मैदान रिकामं झाल्यावर ओरडलो. याला तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, आणि ते मराठीत छापता येणार नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. ताई पुन्हा हाकलेल. परवा पुन्हा जाईन. आपला वादही मी हरलो, तेवढं ऐकून ठेवा: खेळ वेगळा आणि गप्प बसणारे वेगळे. खेळानं तुमच्याकडून जे घेतलं ते तुम्ही स्वतःच्या हातानं दिलं होतंत. तुमच्या संध्याकाळी मी घेतल्या, न विचारता.

खाली उतरल्यावर मी लगेच निघालो नाही. फाटकाशी उभा राहून वर बघितलं. सहाव्या मजल्यावर दिवा लावलेला नव्हता, पण समुद्राकडून थोडा उजेड येत होता. टॉवेल दोरीवर होते. तुमची खुर्ची रिकामी होती. ताई दुसऱ्या खुर्चीत बसली होती.